शेऱ्याचा रकाना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. सातारला पाऊस अजून गेलेला नाही, झेंडूने शंभरी गाठली, दादाने गाडी धुऊन ठेवलीय, एवढं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज जरा खाली आणला. "डेट्रॉइटच्या बेसबॉलवाल्यांचं वाचलं टॅबवर. साडेपंधरा सामन्यांची आघाडी घालवली म्हणे." मी म्हटलं, हो, घालवली, क्लीव्हलँडवाल्यांनी गाठलं. "साडेपंधरा," ते पुन्हा म्हणाले, कुणी गेल्याचं कळल्यावर वय विचारावं तशा सुरात. आणि लगेच, "आपलं ते पान भरलंस ना गं?"

मी म्हटलं, "हो. भरलं की."

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. सकाळची गोळी घेतली की नाही ते त्यांना दुपारी सांगता येत नाही. दादाने डब्यावर वार चिकटवलेत. असा माणूस चौदा वर्षांपूर्वीच्या एका पानाची चौकशी करेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. 'जेवलीस का' विचारलं की जेवलेलं नसलं तरी 'हो' निघतं ना तोंडातून, तसं ते निघालं. पुढे त्यांनी विचारलं, "मग शेरा काय लिहिलास?" तेव्हा मात्र मी अडकले. म्हटलं, आठवत नाही, बघून सांगते. फोन ठेवला आणि तशीच ओट्याशी उभी राहिले. खोटं मी काही पहिल्यांदा बोलत नव्हते. पण हे फारच फालतू कारणासाठी होतं, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांची खोटी हिशेबपत्रकं पकडली त्याच्याशी होतं.

वही शोधायला लागली नाही. कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं, आणि एरवी मी त्या कप्प्याशी फार रेंगाळत नाही. लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. २०११च्या एप्रिलअखेर आई-बाबा पाच महिन्यांसाठी आमच्याकडे, बॉस्टनजवळ, आले, तेव्हा डॉलरचा खर्च लिहायला बाबांनी ती सातारहून आणली होती. एका सहकारी बँकेत पस्तीस वर्षं हिशेब तपासण्यात गेलेली. रकाने आखल्याशिवाय त्यांना करमत नाही. पहिली सहा पानं तसलीच. कढीपत्ता १.९९. टपाल तिकिटं. आईची चप्पल (परत केली). सातव्या पानावर एकदम शीर्षक येतं, लाल शाईत, दोनदा अधोरेखित: 'बेसबॉल. आपण.'

आपण म्हणजे रेड सॉक्स, बॉस्टनचा संघ. माझ्या लेकीने परवा ते वाचलं आणि विचारलं, "आजोबा टीममध्ये होते?"

बाबा बेसबॉलकडे वळले ते क्रिकेटवर रुसून. एप्रिलमध्ये निघताना त्यांच्या अंगात वानखेडे भरलेलं होतं. धोनीचा तो शेवटचा षटकार ते विमानतळावरच्या हमालालाही सांगून आले असतील. इथे आल्यावर जुलै-ऑगस्टात इंग्लंडचा दौरा सुरू झाला. पहाटे सहाला उठून, अडखळत चालणाऱ्या कुठल्याशा संकेतस्थळावर ते कसोट्या बघायचे. चार कसोट्या, चारही हरलो. द्रविड एकटा शतकं ठोकत होता आणि समोरून माणसं जात होती. ओव्हलचा सामना संपला त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "बास. आता तुमच्या इथलं ते दाखव." 'ते' म्हणजे रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या पोर्चमधून रेडिओवर ऐकू येणारं. तोवर ते चोरून बघतच होते म्हणा. वही जूनपासूनच सुरू होते. ओव्हलनंतर फक्त उघडपणे.

पहिला धक्का त्यांना संख्येचा बसला. १६२ सामने. "रोज? म्हणजे अगदी रोज?" एसटीच्या मुक्कामी गाडीसारखं वेळेवर येणारं हे क्रिकेट त्यांना आधी हास्यास्पद वाटलं, मग सोयीचं, मग त्याचं व्यसन लागलं. आईच्या तोंडी 'तुमची सांजवात' असं त्याचं नाव पडलं. पिचरला ते शेवटपर्यंत गोलंदाज म्हणत राहिले. फलंदाज चेंडू मारून बॅट फेकून देतो हे त्यांना कधी आवडलं नाही, "वस्तू अशी टाकतात का?" पण खेळापेक्षाही ते खरे अडकले गुणतक्त्यात. पेपरातल्या त्या तक्त्यात एक रकाना असतो, आघाडीवरच्या संघाच्या किती सामने मागे आहात ते सांगणारा. त्यात अर्धा येतो. अडीच सामने मागे, साडेसात सामने मागे. "अर्धा सामना कोण खेळतं?" म्हणून बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखालच्या पाकिटावर त्यांनी मला मांडून दाखवलं: दोघांच्या विजयांतला फरक, अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. आज एक संघ खेळला आणि दुसऱ्याला सुट्टी असली की अर्ध्याचा तुकडा उरतो. चेहरा असा की बँकेतली मोठी अफरातफर सापडलीय. तेव्हापासून रोज सकाळी ते पेपरातला तक्ता स्वतः पडताळून बघत आणि कडेला बरोबरची खूण करत. पेपर चुकला नाही कधी. त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटायचं.

ऑगस्ट संपला तेव्हा आम्ही गटात पहिले होतो, न्यूयॉर्कच्या यँकीजच्याही पुढे. ३ सप्टेंबरच्या ओळीत बाबांच्या अक्षरात लिहिलंय: आपण ८४–५४, टँपा ७५–६३, आघाडी ९. (आधी जिंकलेले, मग हरलेले सामने. टँपा म्हणजे फ्लोरिडातला, आमच्या मागचा संघ.) खाली आणखी एक आकडेमोड, १६३ वजा ८४ वजा ६३, बरोबर १६. हा इकडचा 'मॅजिक नंबर'. आपला प्रत्येक विजय आणि त्यांचा प्रत्येक पराभव त्यातून एकेक वजा करतो. शून्य झाला की त्यांनी काहीही केलं तरी ते तुम्हाला गाठू शकत नाहीत. चोवीस सामने उरलेले आणि हवे होते सोळा, तेही दोघांचे मिळून. गटात पहिले आलो नाही तरी दुसऱ्यांतला सर्वांत चांगला म्हणून वाइल्ड कार्डची जागा होती. तेव्हा एका लीगमध्ये ती एकच असायची. जुन्या जाणत्यांना विचाराल तर ही खरी 'पेनंट रेस' नव्हेच. पेनंट म्हणजे लीग जिंकल्याचा झेंडा, आणि पूर्वी त्यासाठी मधल्या फेऱ्यांची भानगड नव्हती, तक्त्यात पहिला तो थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला. पण शर्यत ती शर्यत. मागून येणाऱ्याच्या पावलांचा आवाज सारखाच असतो.

अर्थात ३ सप्टेंबरला असले आवाज कुणाला येत नव्हते. त्याच सुमाराला मंडळाचा गणपती होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. झब्बे घातलेले पुरुष मोदकांच्या रांगेत उभे राहून ऑक्टोबरच्या तिकिटांची चर्चा करत होते. मी उत्साहाने बाबांना म्हटलं, "परतीचं तिकीट पुढे ढकलू या. वर्ल्ड सिरीज बघूनच जा." त्यांनी विचारलं, ढकलायला किती लागतात. मी म्हटलं, माणशी दोनशे डॉलर. "मग नको," ते म्हणाले, "आणि शेजारचे काय म्हणतात माहितीय ना?"

शेजारचे म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचे आयरिश म्हातारबुवा. पोर्चमधला रेडिओ त्यांचाच. त्यांचं इंग्रजी बाबांना निम्मं कळायचं आणि बाबांचं त्यांना त्याहून कमी, तरी दोघं तासन् तास बोलत. सगळं मैदान हवेत असताना हे एकटेच तोंड वाकडं करून बसलेले. कारण १९७८. त्या वर्षी जुलैत यँकीज चौदा सामने मागे होते, आणि शेवटी दोघं बरोबरीत आले, आणि २ ऑक्टोबरला फेनवे पार्कवर, म्हणजे आमच्याच मैदानावर, झालेल्या जादा सामन्यात बकी डेंट नावाच्या किरकोळ फलंदाजाने, ज्याला त्या अख्ख्या मोसमात चारच होमरन, म्हणजे इकडचे षटकार, मारता आले होते, त्याने पाचवा डावीकडच्या हिरव्या भिंतीवरून पलीकडे टाकला. बॉस्टनमध्ये या गृहस्थांचं नाव सरळ घेत नाहीत, नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक शिवी घालतात. बाबांना ती शिवी ठाऊक नव्हती. त्यांना ते वडिलांचं नाव वाटलं. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी ते पूर्ण नाव, आपल्या पद्धतीने, आदरपूर्वक देवनागरीत लिहून ठेवलंय.

१३ सप्टेंबरला मी बाबांना फेनवेला घेऊन गेले. हिरव्या रंगाच्या ट्रामने केनमोअरला उतरायचं, पुलावर चढलं की गर्दी आपोआप तुम्हाला नेते. रस्त्यावर लोखंडी तव्यावर कांदा आणि ढोबळी मिरची परतत असते, सॉसेजचा धूर डोळ्यांत जातो. बाबा शाकाहारी, त्यांच्या वाट्याला शेंगा. विक्रेता वरच्या पायरीवरून पिशवी नेमकी हातात फेकतो, पैसे माणसामाणसांतून परत जातात. या प्रामाणिकपणावर ते बेहद्द खूश. "पण टरफलं?" मी म्हटलं, खालीच टाकायची, सगळे टाकतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला चौथीचं पुस्तक आठवलं. "मी टाकणार नाही आणि मी उचलणार नाही," असं म्हणत त्यांनी नऊ डावांची टरफलं हातरुमालात बांधून घरी आणली.

त्या दिवशी चेंडू टाकायला होता टिम वेकफिल्ड. वय ४५. इथे विजय पिचरच्या नावावरही लिहितात, आणि दोनशेवा विजय त्याला हुलकावणी देत होता. १९९वा मिळाला जुलैत, त्यानंतर सात वेळा हात हलवत परत आलेला. बाबांना तो टीव्हीवरच आवडला होता, कारण बाकीचे ताशी दीडशेने फेकत असताना हा शंभर-एकशेपाचने टाकायचा. नखांच्या टोकांत धरलेला चेंडू, त्याला फिरकीच नाही. चेंडू फिरत नाही म्हणून हवा त्याला वाटेल तशी ढकलते आणि तो कुठे जाणार ते फलंदाजाला, झेलणाऱ्याला, खुद्द टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. "न फिरणारी फिरकी," बाबा म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढच्या माणसाला इंग्रजीत सांगायचा त्यांनी प्रयत्न केला. आम्ही १८–६ जिंकलो. शेवटी सगळं मैदान उभं. वेकफिल्ड टोपी हलवत होता आणि बाबा टाळ्या वाजवत होते, मांडीवर टरफलांचं गाठोडं. तो त्याचा शेवटचा विजय ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल? बरोबर २०० वर तो थांबला. २०२३च्या ऑक्टोबरात तो गेला तेव्हा मी बाबांना कळवलं नाही. ते त्यांनी पेपरात वाचलं असेल का, मी विचारलंही नाही.

पण त्या संध्याकाळी बाबांचं लक्ष निम्मा वेळ भिंतीकडे होतं. त्या ३७ फुटी भिंतीच्या पोटात गुणफलक आहे, अजून हाताने आकडे लावायचा. आत माणूस बसतो. दुसऱ्या गावांत चाललेल्या सामन्यांचे आकडेही त्यावर असतात, आणि टँपाची ओळ बदलली की मैदानात कारण नसताना कुजबूज उठते. समोर खेळ थांबलेला, चेंडू हातात, आणि हजारो माणसं एका पत्र्याकडे बघताहेत. "हे वाईट आहे," बाबा परतीच्या ट्राममध्ये म्हणाले. "आपण जिंकावं हे ठीक. पण रोज रात्री दुसऱ्याचं वाईट चिंतायचं म्हणजे सवय लागते." टँपाचा संघ त्यात गरीब. आमच्या खेळाडूंचा पगार त्यांच्या जवळपास चौपट. आयुष्यभर गरीब खातेदाराची बाजू घेतलेले बाबा रोज रात्री टँपाच्या पराभवासाठी जागे राहत आणि सकाळी त्याबद्दल ओशाळे होत. मला तर ओशाळं वाटायचंही नाही. मी कामाच्या बैठकीत मांडीवर फोन ठेवून कुणाचं तरी वाईट चिंतत असायची.

त्या १३ तारखेची ओळ वहीत बाबांच्या अक्षरात नाही. आम्ही दोघं मैदानावर, म्हणून नोंद करायचं काम आईला दिलेलं. टपोरं, तिरकं अक्षर. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलंय: 'टीव्हीवर दोघंही दिसला नाहीत. ह्यांचा स्वेटर खुर्चीवरच राहिला.'

त्याच दिवशी पितृपक्ष लागला होता. हे आईने आधीच सांगून ठेवलं होतं, या पंधरवड्यात तुमचं काही खरं नाही. परतीचं तिकीटही तिच्यामुळेच २८चं होतं. सर्वपित्री होईपर्यंत प्रवासाला निघायचं नाही, अमावास्या २७ला, म्हणून २८ला घटस्थापनेच्या दिवशी. घट सातारला काकू बसवणार होत्या, आईला तिसऱ्या माळेपर्यंत पोचायचं होतं. आणि पंधरवडा खरोखरच आईच्या म्हणण्याप्रमाणे गेला. टँपा फेनवेला आले आणि चारातले तीन घेऊन गेले. मग बाल्टिमोर आले, गटातले तळाचे, तेही चारातले तीन घेऊन गेले. अख्ख्या सप्टेंबरात सलग दोन सामने आम्ही एकदाही जिंकलो नाही. वहीतली आघाडी एका ओळीने उतरत जाते: साडेसहा, साडेचार, दोन. बाबांचे शेरेही आखडत जातात. आधी वाक्यं, मग शब्द, मग एका रात्री नुसतं 'असो'.

अपवाद एकच. २५ तारखेच्या रविवारी न्यूयॉर्कला एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला हरलो. दुसरा चौदाव्या डावापर्यंत गेला. आई झोपलेली, आम्ही दोघं आवाज बंद करून बसलेलो, आणि आमच्या एल्सबरीने तीन धावांचा होमरन मारला. बाबांनी आवाज न करता सोफ्यावरची उशी वर फेकली. ज्याच्या चेंडूवर तो मारला त्या पिचरचं नाव त्यांनी वहीत टिपून ठेवलंय: 'यँकीजच्या स्कॉट प्रॉक्टरचे आभार.'

सोमवारी बरोबरी झाली. मंगळवारी दोघंही जिंकले, बरोबरी कायम, ९०–७१. आणि यात विनोद असा की शेवटचे तीन दिवस टँपा खेळत होते यँकीजशी. म्हणजे बॉस्टनकरांनी यँकीजसाठी टाळ्या वाजवायच्या. शेजारच्या म्हातारबुवांनी साफ नकार दिला. मी हरेन, पण ते तोंडातून निघणार नाही, असं ते बाबांना म्हणाले, आणि हे वाक्य मात्र बाबांना पूर्ण कळलं.

बुधवारी दुपारी बॅगा वजन करून झाल्यावर बाबा वही घेऊन बसले. पट्टी, लाल पेन, निळं पेन. शेवटच्या सामन्यासाठी त्यांनी अख्खं पान आखलं, नेहमीसारखी एक ओळ नव्हे. नऊ डावांचे नऊ रकाने, जादा डावांसाठी तीन, उजवीकडच्या समासात टँपाच्या सामन्यासाठी वेगळी चौकट, खाली शेरा. वर तारीख घातली, २८-९-२०११, 'घटस्थापना' असंही लिहिलं. आणि वही माझ्याकडे दिली. "भरून ठेव. मी विमानात असेन." आई म्हणाली, "आज जिंकतील बघ. अमावास्या सरली."

लोगन विमानतळावर त्यांना आत सोडून मी निघाले तेव्हा सामना सुरू झाला होता. परतीचा रस्ता बंदराखालच्या बोगद्यातून जातो. बोगद्याला टेड विल्यम्सचं नाव दिलेलं आहे, रेड सॉक्सचा सर्वांत थोर फलंदाज, आणि नेमका त्याच्याच पोटात रेडिओ खरखरायला लागला. मला रडू येत होतं. त्याचा सामन्याशी काही संबंध नव्हता. मागच्या सीटवर आईचा रुमाल राहिला होता.

घरी आले, वही बाबांच्या खुर्चीत ठेवली आणि मी खाली बसले. हा आमचा जुना शास्त्रार्थ. सातारला रेडिओवर गावसकर खेळत असताना मी उंबऱ्यावर बसलेली असले तर शतक होईपर्यंत उंबऱ्यावरच. एकदा तर चहाच्या वेळेपर्यंत जागची हलले नव्हते, पायाला मुंग्या. तेव्हा आता खुर्चीत वही, जमिनीवर मी. नवरा एकदा डोकावून 'जिंकताय का?' विचारून झोपायला गेला. त्याला खेळातलं काही कळत नाही आणि त्याची त्याला खंतही नाही. कधी कधी मला या माणसाचा हेवा वाटतो.

सातव्या डावात आम्ही ३–२ पुढे आणि बाल्टिमोरला पाऊस आला. ताडपत्री अंथरली. तासभरापेक्षा जास्त खेळ बंद. तिकडे यँकीज टँपाविरुद्ध ७–० पुढे. मी उठले, भांडी घासली, आईने फ्रीजमध्ये ठेवलेल्या डब्यातला एक बेसनाचा लाडू खाल्ला. इतकं निवांत मला महिनाभरात वाटलं नव्हतं. आपण हरलो तरी टँपा हरताहेतच, उद्या फार तर बरोबरीचा सामना. लाडू तोंडात असताना तिकडे आठव्या डावात टँपाच्या सहा धावा झाल्या. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात, दोन बाद, आणखी एक चेंडू हुकला की संपलं अशा वेळी, डॅन जॉन्सन नावाच्या माणसाने होमरन मारून बरोबरी केली. त्याची त्या मोसमातली सरासरी .१०८. म्हणजे दहा वेळा खेळायला आला तर नऊ वेळा मान खाली घालून परत जाणारा. प्रत्येक पिढीला आपापला बकी डेंट मिळतो.

पाऊस थांबला, आमचा खेळ सुरू झाला, नववा डाव, अजून ३–२. त्या मोसमात आठ डावांनंतर पुढे असताना आम्ही एकदाही हरलो नव्हतो. आमच्या पॅपलबनने पहिले दोन बाद केले. एक हवा होता. एक चेंडू उजवीकडे कोपऱ्यात, दोन बेस, म्हणजे धावेची निम्मी वाट. पुढचा चेंडू एक टप्पा खाऊन कुंपणापार, पुन्हा दोन बेस, बरोबरी. मग त्यांच्या अँडिनोने डावीकडे एक साधा, सपाट फटका मारला आणि आमचा कार्ल क्रॉफर्ड धावत आला, घसरला, चेंडू हातमोज्याला लागून पुढे पडला. त्याने उचलून फेकला तोवर धाव झाली होती. बारा वाजून दोन मिनिटं. ४–३. पडद्यावर नारिंगी कपड्यातली माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. ती तळाची होती, त्यांना यातून काहीच मिळणार नव्हतं, तरी किती आनंद. मी वाहिनी बदलली. बारा वाजून पाच मिनिटांनी बाराव्या डावात टँपाच्या इव्हान लाँगोरियाने चेंडू डाव्या कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे टाकला. ती भिंत बुटकी का? क्रॉफर्ड आधी टँपाकडे होता, सात वर्षांच्या १४ कोटी २० लाख डॉलरच्या कराराने त्याच वर्षी आमच्याकडे आलेला. त्याला उडी मारून झेल घेता यावेत म्हणून त्यांनी तिथली भिंत खाली आणली होती. आणि चेंडू टाकणारा कोण? स्कॉट प्रॉक्टर.

तीन मिनिटं. मी खुर्चीकडे बघितलं, वही मिटलेलीच होती.

पहाटे फोन वाजला. लंडनहून बाबा, कुणाकडून तरी घेतलेल्या कॉलिंग कार्डावर. मागे घोषणा चालल्या होत्या. "काय झालं?" हरलो, बाबा. "कितीने?" एका धावेने. "आणि ते?" जिंकले, तेही एकाच धावेने. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एका सामन्याने मागे. दोन उरला होता ना तो आकडा? तो दोनच राहिला." सोळावरून दोनवर यायला तेवीस सामने लागले आणि पुढे ते सरकलंच नाही. "तिकीट पुढे ढकललं नाही ते बरं," बाबा म्हणाले, "चारशे डॉलर वाचले." कार्ड संपत आल्याची टीं-टीं सुरू झाली, आणि त्यातून त्यांचा आवाज, "पान भरून ठेव बरं का."

दुसऱ्या दिवशी भरणार होते. मग प्रशिक्षकाची गच्छंती, मग पिचर मंडळी आपली पाळी नसेल त्या दिवशी आत बसून तळलेली कोंबडी आणि बियर झोडत होती वगैरे बातम्या, वीट आला. पुढच्या वर्षापासून वाइल्ड कार्डच्या दोन जागा झाल्या. आता तर तीन आहेत, म्हणून साडेपंधरा सामने घालवूनही डेट्रॉइटला मागच्या दाराने आत जाता आलं. याचा मला अजून राग येतो. २०१३ला आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकलो. मी आनंदाने फोन केला. बाबा "छान, छान" म्हणाले आणि इथे थंडी पडली का ते विचारलं. जिंकण्याच्या त्या वर्षाचं पान कुणी आखलेलं नाही. ते दोघं पुन्हा आले नाहीत. आधी बाबांचे गुडघे, मग आईचं डायलिसिस, मग आई. कोरं पान तसंच राहिलं, आणि खरं सांगायचं तर कंटाळ्यामुळे राहिलं की ठेवलं, हे मलाही नीट माहीत नाही. एवढं कळतं की त्याच्या आदल्या पानांवर आईच्या अक्षरातला तो स्वेटर आहे, आणि ही ओळ भरली की वही पूर्ण होते.

खोटं बोलल्याच्या तिसऱ्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. धावफलक काढला, एकेक डाव भरत गेले. आमच्या पेड्रोयाचा होमरन. आठव्यात आमचा स्कुटारो धाव घेताना बाद. हे मी विसरलेच होते, तो पोचला असता तर पुढचं काही झालंच नसतं. समासातल्या चौकटीत टँपाचं लिहिलं, प्रॉक्टरचं नावही. नवव्या रकान्यात लिहिलं, 'क्रॉफर्डने झेल सोडला.' शेऱ्याशी थांबले. फोन केला. सातारला सकाळ होती, मागे कुकरची शिटी.

"बाबा, पान भरलं नव्हतं. आत्ता भरतेय."

"माहितीय," ते म्हणाले. "भरलं असतंस तर शेरा पाठ असता तुला." मग वाच म्हणाले. मी वाचलं, पहिल्या डावापासून. मधे ते हुं हुं करत होते, प्रॉक्टरच्या नावाला हसले. संपल्यावर मी विचारलं, शेऱ्यात काय लिहू?

"तो मोकळा ठेव. मी आलो की तपासून लिहीन." जणू पुढच्या आठवड्यात निघायचंय. मी काही बोलले नाही. "आणि ते क्रॉफर्डचं बदल. सोडला लिहू नकोस. पोचला नव्हता तो. अधिकृत नोंदीत चूक दिलीय का त्याला?"

मी पडद्यावर बघितलं. चूक दिली नव्हती. फटकाच धरला होता.

"मग? उगाच माणसाच्या नावावर का टाकायचं?"

मी लेकीच्या दप्तरात खोडरबर शोधायला उठले.